गावच्या घरातला सर्व्हर मुंबईतून उघडायचाय? पोर्ट न उघडता कसं करायचं ते सविस्तर

कोकणात हल्ली फायबर बऱ्याच वाड्यांपर्यंत पोचलंय, त्यामुळे गावच्या घरात एक छोटा पीसी नाहीतर जुना लॅपटॉप ठेवायचा, त्यावर फोटो, कागदपत्रं, कॅमेरे, पंपाचं कंट्रोल सगळं स्वतःचं चालवायचं, हा उद्योग बऱ्याच जणांनी सुरू केलाय. आमच्याकडेही तेच आहे. घर मालवण तालुक्यात, घरी आई आणि काका-काकी, बाकी आम्ही सगळे ठाणे-डोंबिवली साइडला. घरच्या डब्यावर इमिच चालतं फोटोंसाठी, पेपरलेस आहे सातबारा, घरपट्टीच्या पावत्या, जुनी खरेदीखतं ह्यांच्या स्कॅनसाठी (त्याचं ओसीआर, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखणं, मराठीत पण चालतं, फक्त सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडावी लागते), जेलीफिनवर आम्हीच शूट केलेली दशावताराची रेकॉर्डिंग्ज, होम असिस्टंटवर विहिरीचा पंप आणि इन्व्हर्टर, आणि व्हॉल्टवॉर्डनमध्ये सगळ्यांचे पासवर्ड.

सर्व्हर उभा कसा करायचा ह्याचे व्हिडिओ ढिगाने सापडतात, पण तो बाहेरून उघडायचं म्हटलं की बहुतेक ठिकाणी "राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करा" (म्हणजे राउटरमध्ये एक दरवाजा उघडून बाहेरच्यांना थेट सर्व्हरपर्यंत सोडा) एवढं सांगून मोकळे होतात. ते करू नका. इंटरनेटवर उघडं पोर्ट दिसलं की स्कॅन करणारे बॉट तिथे लगेच पोचतात, त्यांना तुमचं गाव कुठलं आणि घरात काय आहे ह्याच्याशी देणंघेणं नसतं, ते फक्त जुनं व्हर्जन आणि सोपा पासवर्ड शोधत असतात. माझं सगळं सेटअप एकाच हट्टावर उभं आहे, बाहेरून घराकडे येणारा एकही दरवाजा उघडा ठेवायचा नाही आणि घरच्या माणसांचे फोन मात्र जगात कुठेही असले तरी घरातच असल्यासारखे वागले पाहिजेत.

कमांड इथे एकेक करून देत नाहीये, कारण त्या व्हर्जनप्रमाणे बदलतात आणि प्रत्येक प्रोजेक्टच्या साइटवर ताज्या मिळतात. कुठल्या क्रमाने काय करायचं आणि का, ते सांगतो.

पायरी १: आधी कागद-पेन घ्या

कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी एक यादी करा, कुठलं ॲप कोणाला लागतं. आपल्याकडच्या घरात कोणी खळ्यात उभं राहून बोलून जातं, कोणी ओटीवर बसतं, माजघरात मात्र घरचेच येतात, तसे तीन गट पाडा. आमच्यात पासवर्ड, कागदपत्रं, होम असिस्टंट आणि सर्व्हरचं ॲडमिन हे माजघरातलं. फोटो आणि जेलीफिन चुलतभाऊ, आत्या, मामेबहिणी ह्यांना पण लागतं, ते ओटीवरचं. आणि अगदीच परक्यांना दाखवायचं, म्हणजे होमस्टे असेल तर रूमचे फोटो आणि रेट, ते खळ्यातलं. हे शेवटचं शक्य असेल तर घरच्या सर्व्हरवर ठेवूच नका, फुकटच्या स्टॅटिक होस्टिंगवर टाका, विषय संपला. ही यादी पुढे तीन-चार ठिकाणी लागणार आहे म्हणून टाळू नका.

पायरी २: तुम्हाला पब्लिक आयपी आहे का ते बघा

राउटरच्या स्टेटस पानावर जाऊन वॅन आयपी (राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता) बघा, मग घरच्याच वायफायवरून "माझा आयपी काय" असं सर्च करून जो नंबर येतो तो बघा. दोन्ही सारखे असले तर तुम्हाला खरा पब्लिक आयपी मिळालाय. वेगळे असले, आणि वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ ह्या रेंजमधला असला तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे कंपनीने एकच पब्लिक आयपी अनेक गिऱ्हाइकांत वाटलाय. तो १० किंवा १९२.१६८ ने सुरू होत असेल तर एकतर तसंच काहीतरी आहे, नाहीतर कंपनीचा फायबरचा डबा आणि तुमचा राउटर असे दोन राउटर एकामागे एक लागलेत. ते दुसरं असेल तर कंपनीच्या डब्याला ब्रिज मोडमध्ये (म्हणजे त्याने राउटरचं काम न करता नुसतं कनेक्शन पुढे द्यायचं) टाकून मिळतं का ते लोकल ऑपरेटरला विचारा. बऱ्याचदा तो ओळखीचाच असतो, एका चहात काम होतं.

गावाकडच्या कनेक्शनवर सीजीनॅट सर्रास असतं आणि तिथे पोर्ट फॉरवर्ड केलं तरी चालणारच नाही. लोक इथे वैतागून स्टॅटिक आयपीचे जादा पैसे भरतात. थांबा, त्याची गरज नाही, आपण जी पद्धत वापरणार आहोत तिला सीजीनॅटने काही फरक पडत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या, आयपीव्ही सिक्स, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी पद्धत (जुनी ती आयपीव्ही फोर). आयपीव्ही फोरला सीजीनॅट असलं तरी आयपीव्ही सिक्सवर घरातल्या प्रत्येक डिव्हाइसला खरा पब्लिक पत्ता मिळू शकतो. तो राउटरच्या फायरवॉलने अडवलेला असतो असं आपण धरून चालतो, पण काही स्वस्त राउटरमध्ये ते फायरवॉल बंद असतं. राउटरच्या सिक्युरिटी पानावर आयपीव्ही सिक्स फायरवॉल ऑन आहे ना ते आत्ताच बघून घ्या.

पायरी ३: राउटरची साफसफाई

हे पटकन उरका. ॲडमिनचा पासवर्ड बदला, कंपनीच्या माणसाने ठेवलेला असेल तर नक्कीच. यूपीएनपी बंद करा, कारण ते चालू असलं की घरातला कुठलाही कॅमेरा किंवा टीव्ही तुम्हाला न विचारता स्वतःच पोर्ट उघडून घेतो. डब्ल्यूपीएस (बटण दाबून वायफाय जोडायची सोय) बंद. बाहेरून राउटर मॅनेज करायचा ऑप्शन बंद. फर्मवेअर अपडेट. पोर्ट फॉरवर्डिंगच्या यादीत आधीचं काही असेल तर पुसून टाका, डीव्हीआर लावणारे लोक तिथे हमखास काहीतरी टाकून गेलेले असतात.

गेस्ट वायफाय वेगळं चालू करा. गणपतीला घर भरतं तेव्हा प्रत्येकाला वायफायचा पासवर्ड हवा असतो, पोरांचे फोन, पाव्हण्यांचे टॅब, त्यात कोणाच्या फोनमध्ये काय भरलंय कोणाला माहीत. सगळे गेस्टवर. कॅमेरे आणि स्मार्ट प्लग पण गेस्टवर टाकले तरी चालतात, पण होम असिस्टंटला ते दिसले पाहिजेत, म्हणून राउटरमध्ये सोय असेल तर त्यांच्यासाठी तिसरं नेटवर्क करा.

आणि हो, घरच्या नेटवर्कचा नंबर बदला. बहुतेक राउटर १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० वर येतात, आणि तुमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटचा राउटर पण त्याच नंबरवर असणार. मग व्हीपीएनमधून (म्हणजे तुमच्या फोनपासून घरापर्यंतचा बंद बोगदा, तो पायरी ५ मध्ये येतो) गावच्या १९२.१६८.१.१० ला जायला निघालात की लॅपटॉप तो नंबर फ्लॅटमध्येच शोधत बसतो. गावाला १९२.१६८.७३ असं काहीतरी आडवळणी ठेवा. नंतर बदलायला गेलात तर दहा ठिकाणी बदलावं लागेल.

पायरी ४: सर्व्हर आतून घट्ट करा

डेबियन किंवा उबंटू सर्व्हर असं धरतो. एसएसएचला (सर्व्हरवर दुरून कमांड चालवायची सोय) पासवर्डने लॉगिन बंद, फक्त की (चावीची फाइल) वापरायची, ईडी-२५५१९ प्रकारची की बनवा आणि तिला पासफ्रेज द्या. रूट (सगळे अधिकार असलेलं अकाउंट) लॉगिन बंद. सिक्युरिटी अपडेट आपोआप लागतील असं पॅकेज येतं ते टाका, कारण पावसात चार महिने आपण तिकडे फिरकत नाही आणि डबा तसाच जुना होत जातो.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे फसतात ते. तुम्ही यूएफडब्ल्यू (सर्व्हरचं फायरवॉल) चालू केलं, सगळं बंद असा नियम लावला, खूश झालात. पण डॉकरमध्ये (प्रत्येक ॲप वेगळ्या पेटीत, म्हणजे कंटेनरमध्ये चालवायची सोय) तुम्ही कंटेनरचं पोर्ट पब्लिश केलंत, समजा इमिचचं २२८३, की डॉकर आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या मूळ फायरवॉलमध्ये) स्वतःचे नियम टाकतो आणि येणारा ट्रॅफिक यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोचायच्या आधीच कंटेनरकडे वळतो. म्हणजे यूएफडब्ल्यू "बंद आहे" म्हणत राहणार आणि पोर्ट उघडं असणार. उपाय साधा आहे. कंपोज फाइलमध्ये (डॉकरने काय कसं चालवायचं ते लिहिलेली फाइल) पोर्टच्या ओळीत नुसतं २२८३ कोलन २२८३ लिहायच्या ऐवजी आधी १२७.०.०.१ कोलन असं लावा. आता ते ॲप फक्त सर्व्हरच्या आतूनच उघडतं. प्रत्येक ॲपला हे करा, जेलीफिनचं ८०९६, पेपरलेसचं ८०००, सगळ्यांना. डेटाबेसला तर पोर्ट पब्लिश करायची गरजच नसते, कंटेनर आपसात डॉकरच्या नेटवर्कवर बोलतात, ती ओळच काढून टाका.

जेलीफिन घरच्या टीव्हीवर पण लागतं आणि टीव्हीमध्ये बऱ्याचदा व्हीपीएन टाकता येत नाही, तर तेवढ्या एकाला १२७ ऐवजी सर्व्हरचा घरचा आयपी लावा. तो आयपी राउटरमध्ये सर्व्हरसाठी रिझर्व्ह करून ठेवा म्हणजे बदलणार नाही.

पायरी ५: बोगदा

इथे दोन रस्ते आहेत, वायरगार्ड स्वतः लावायचं किंवा टेलस्केल वापरायचं. टेलस्केल आतून वायरगार्डच आहे, फक्त कीजची देवाणघेवाण आणि सीजीनॅटमधून वाट काढायचं काम त्यांचा सर्व्हर करून देतो.

वायरगार्ड लिनक्स कर्नलमध्ये २०२० पासून आहे, ५.६ व्हर्जनपासून. छोटं, फास्ट, आणि एक गुण मला फार आवडतो, ज्याच्याकडे बरोबर की नाही त्याला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून स्कॅन करणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही. पब्लिक आयपी असेल तर फक्त एक यूडीपी पोर्ट, डीफॉल्ट ५१८२०, उघडून काम भागतं आणि तेवढा एक अपवाद मी पण मान्य करतो. सीजीनॅट असेल तर एक स्वस्त व्हीपीएस (पब्लिक आयपी असलेला इंटरनेटवरचा सर्व्हर) भाड्याने घेऊन घरचा सर्व्हर आणि फोन दोघांना त्याच्याशी जोडायचं, घरच्या बाजूला परसिस्टंट कीपअलाइव्ह (ठरावीक वेळाने छोटा संदेश पाठवत राहायचं सेटिंग) २५ सेकंद ठेवायचं म्हणजे नॅटची वाट बुजत नाही. हे सगळं करायला मजा येते पण प्रत्येक नवीन फोनला की बनवा, कॉन्फिग फाइल लिहा, क्यूआर काढून पाठवा, आणि आत्याचा फोन बदलला की परत तेच.

म्हणून घरात पाचदहा माणसं असतील आणि त्यातलं तांत्रिक डोकं तुमचं एकट्याचंच असेल तर सरळ टेलस्केल घ्या. छोट्या कुटुंबाला फुकटच्या प्लॅनमध्ये बरंचसं भागतं. ज्यांना दुसऱ्याचा कंट्रोल सर्व्हर नको त्यांच्यासाठी हेडस्केल आहे, तो स्वतः चालवायचा, पण तो पब्लिक आयपीवर लागतो, म्हणजे व्हीपीएस परत आलाच.

लावायची पद्धत अशी. ज्या गूगल किंवा ॲपल अकाउंटने टेलस्केलला लॉगिन करणार त्या अकाउंटला आधी टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा, कारण टेलस्केलला स्वतःचा पासवर्ड नसतो, ते अकाउंट गेलं की घर गेलं. एसएमएसपेक्षा ऑथेंटिकेटर ॲप किंवा पासकी बरी. मग सर्व्हरवर टेलस्केल टाका, ते एक लिंक देतं, ती उघडून मंजूर करा, सर्व्हरला १०० ने सुरू होणारा एक आयपी मिळतो. फोनवर ॲप टाका, लॉगिन करा. बस, आता मोबाइल डेटावरून सर्व्हरला एसएसएच लागतं का बघा.

लागलं की लगेच दोन गोष्टी करा, नाहीतर विसराल. पहिली, ॲडमिन पानावर सर्व्हरच्या नावापुढे की एक्स्पायरी (लॉगिनची मुदत) बंद करा. डीफॉल्ट १८० दिवसांची असते, म्हणजे मे महिन्यात गावी जाऊन लावलंत तर दिवाळीच्या सुमाराला एक दिवस अचानक सर्व्हर गायब, आणि परत लॉगिन करायला तिथे जावं लागणार. फोन-लॅपटॉपची एक्स्पायरी मात्र चालू राहू द्या. दुसरी, ॲक्सेसचे नियम. सुरुवातीला टेलस्केल सगळ्यांना सगळीकडे जाऊ देतं. पायरी १ मधली यादी काढा आणि लिहा, ॲडमिन गटाला सर्व्हरवर सगळं, घरच्या गटाला फक्त ४४३ पोर्ट (ब्राउझर एचटीटीपीएससाठी वापरतो ते). चुलतभावाच्या पोराच्या फोनमधून तुमच्या सर्व्हरचं एसएसएच दिसायचं काही कारण नाही. ४४३ च्या आत कोण कुठलं ॲप उघडणार ते ॲपचं स्वतःचं लॉगिन ठरवतं, म्हणून प्रत्येकाला वेगळं अकाउंट द्या, "घर" नावाचं एकच अकाउंट सगळ्यांत वाटू नका.

राउटर, कॅमेरा, डीव्हीआर ह्यांच्यात टेलस्केल टाकता येत नाही, त्यांच्यासाठी सर्व्हरला सबनेट राउटर बनवा, म्हणजे १९२.१६८.७३ चं अख्खं नेटवर्क तो तुमच्यासाठी उघडतो. सर्व्हरवर आयपी फॉरवर्डिंग चालू करावं लागतं आणि ॲडमिन पानावर तो रस्ता (रूट) मंजूर करावा लागतो. हा रूट फक्त ॲडमिन गटाला द्या.

कोणीतरी विचारणारच, व्हीपीएन कायद्यात बसतं का. सर्ट-इनचे (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल २०२२ चे जे निर्देश आहेत, गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवण्याचे, ते लोकांना व्हीपीएन सेवा पुरवणाऱ्यांसाठी आहेत. स्वतःच्या घरात जायला स्वतःचा बोगदा काढणं ही वेगळी गोष्ट आहे.

पायरी ६: नाव आणि कुलूप

आता ॲप १०० च्या आयपीवरून उघडायला हवीत, पण काकीला "१०० पॉइंट अमुक कोलन २२८३" सांगणार का? आणि एचटीटीपीएस नसेल तर व्हॉल्टवॉर्डनचं वेब पान नीट चालतच नाही, ब्राउझर तशी परवानगीच देत नाही.

सगळ्यात कमी खटपटीचा रस्ता म्हणजे टेलस्केलचंच सर्व्ह फीचर, ते सर्टिफिकेटसकट एक नाव देतं. ॲप दोनतीनच असतील तर तेवढं पुरे. जास्त असतील तर एक स्वस्त डोमेन घ्या आणि सर्व्हरवर कॅडी (नाव बघून योग्य ॲपकडे वळवणारा प्रॉक्सी) बसवा, डॉकरमध्ये नको, थेट सिस्टमवर, म्हणजे यूएफडब्ल्यूचे नियम त्याला नीट लागू होतात. यूएफडब्ल्यूमध्ये ४४३ फक्त टेलस्केलच्या इंटरफेसवर उघडा. डोमेनच्या डीएनएसमध्ये (कुठलं नाव कुठल्या आयपीला जातं त्याची वही) फोटो, कागद, टीव्ही अशी नावं करून सगळी सर्व्हरच्या १०० वाल्या आयपीकडे वळवा. हो, पब्लिक डीएनएसमध्ये प्रायव्हेट आयपी टाकायला काही हरकत नाही, बाहेरच्या माणसाला तो नंबर मिळून त्याचा काही उपयोग नाही. काही राउटर मात्र असं उत्तर संशयास्पद म्हणून गाळतात, नाव उघडत नसेल तर राउटरमध्ये डीएनएस रीबाइंडिंगचं सेटिंग शोधा.

सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं, पण नेहमीच्या पद्धतीत त्यांना तुमच्या सर्व्हरचं पोर्ट बाहेरून दिसावं लागतं आणि आपलं तर काहीच उघडं नाही. म्हणून डीएनएस चॅलेंज वापरायचं, म्हणजे डोमेन तुमचं आहे हे डीएनएसमध्ये एक नोंद टाकून सिद्ध करायचं, ते कॅडी आपोआप करतो. त्यासाठी तुमच्या डीएनएस कंपनीचं मॉड्यूल असलेला कॅडी घ्यावा लागतो, नेहमीच्या पॅकेजमध्ये ते नसतं. हे जड वाटत असेल तर कॅडीऐवजी एनजिनएक्स प्रॉक्सी मॅनेजर घ्या, त्यात बटणं दाबून होतं. पण तो डॉकरमध्ये चालतो, त्यामुळे त्याच्या पोर्टला पायरी ४ वाली काळजी परत घ्या. ही नोंद आपोआप टाकता यावी म्हणून डीएनएसची एपीआय की लागते, ती बनवताना फक्त त्या एका डोमेनपुरती परवानगी द्या, अख्ख्या अकाउंटची नको. सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं आणि ही मुदत पुढे कमीच होत जाणार आहे, म्हणून रिन्यू हाताने करायचा विचारच सोडा.

आणि एक बारीक गोष्ट जी फार कोणी सांगत नाही. प्रत्येक सर्टिफिकेटची नोंद सार्वजनिक लॉगमध्ये होते, कोणीही शोधू शकतो. पासवर्ड डॉट अमुक डोमेन, कॅमेरा डॉट अमुक डोमेन अशी वेगवेगळी सर्टिफिकेटं काढलीत तर तुमच्या घरात काय काय चालतं त्याची यादीच तुम्ही जगाला दिलीत. वाइल्डकार्ड (डोमेनखालच्या सगळ्या नावांना चालणारं) एकच काढा, म्हणजे लॉगमध्ये फक्त डोमेन दिसतं.

कॅडीमागे ॲप टाकल्यावर नेहमी येणारी दोन दुखणी. होम असिस्टंट उघडायला गेलात की ४०० एरर, कारण त्याला पुढे प्रॉक्सी बसवलाय हे माहीत नसतं. त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये ट्रस्टेड प्रॉक्सीज म्हणून कॅडीचा आयपी लिहावा लागतो. दुसरं, साधं एनजिनएक्स वापरत असाल तर इमिचमध्ये छोटे फोटो जातात आणि व्हिडिओ अडकतात, कारण एनजिनएक्सची डीफॉल्ट अपलोड मर्यादा १ एमबी आहे, ती वाढवा. कॅडीला ही भानगड नाही.

पायरी ७: परक्यांना लिंक द्यायचीच असेल तर

लग्नाचे फोटो नवरीकडच्यांना पाठवायचेत, त्यांना कुठे टेलस्केल टाकायला सांगता. अशा वेळी क्लाउडफ्लेअर टनेल कामाला येतं. सर्व्हर आतून बाहेर कनेक्शन करतो, पोर्ट उघडावं लागत नाही, सीजीनॅट आड येत नाही. पण दोन गोष्टी समजून घ्या. ह्यात एचटीटीपीएस क्लाउडफ्लेअरकडे उघडतं आणि परत बंद होतं, म्हणजे मधला मजकूर त्यांना दिसू शकतो, म्हणून पासवर्ड आणि खरेदीखतं ह्यातून कधीच नाही. आणि फुकटच्या प्लॅनमध्ये एका रिक्वेस्टला १०० एमबीची अपलोड मर्यादा आहे, मोठे व्हिडिओ वर चढवायला गेलात की आपटणार.

टनेलच्या पुढे क्लाउडफ्लेअर ॲक्सेस लावा, ठरावीक ईमेलनाच ओटीपी जाईल असा नियम करा. ब्राउझरमध्ये ते छान चालतं, मोबाइल ॲप मात्र मध्येच आलेलं लॉगिन पान बघून गोंधळतात, त्यामुळे टनेल ब्राउझरवाल्यांना आणि टेलस्केल ॲपवाल्यांना अशी वाटणी करा. काम झालं की टनेल बंद.

पायरी ८: घरच्यांच्या फोनवर

खरं काम इथे आहे. सेटअप तुम्ही एका वीकेंडला कराल, पण ते चालतं की नाही हे काकीच्या फोनवर ठरतं. आमच्याकडे नेहमीचा फोन असतो, "रे बाबू, तुझो डबो लुकलुकता मरे, पण फोटो काय उघडत नाय." नव्वद टक्के वेळा डब्याला काहीच झालेलं नसतं, फोनने बॅटरी वाचवायला टेलस्केल मारून टाकलेलं असतं. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये हे होतं. तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन टेलस्केलचं बॅटरी ऑप्टिमायझेशन काढा, ऑटोस्टार्टची परवानगी द्या, आणि व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये ऑलवेज-ऑन करा. त्याच्याच खाली "व्हीपीएन नसेल तर कनेक्शन ब्लॉक करा" असं असतं, ते मात्र चालू करू नका, नाहीतर फोटो सोडा, व्हॉट्सॲप पण बंद आणि मग बघायला नको. टेलस्केल तसंही फक्त घरच्या सर्व्हरचा ट्रॅफिक बोगद्यातून नेतं, बाकी नेट नेहमीसारखं चालतं, बॅटरी पण फार खात नाही.

फोनच्या होम स्क्रीनवर फोटो, कागद, टीव्ही अशी मराठी नावाची आयकॉन ठेवून द्या आणि टेलस्केलचं आयकॉन पार मागच्या पानावर ढकला. फोन हरवला किंवा विकला तर तुम्हाला त्याच दिवशी सांगायचं हे सगळ्यांच्या डोक्यात भरवा. ॲडमिन पानावरून ते डिव्हाइस काढलं की त्याची वाट बंद, आणि मग ॲपमधली त्याची लॉगिन सेशन पण बंद करा, ते लोक विसरतात.

पायरी ९: आपला पाऊस

सिक्युरिटीच्या लेखात हे कशाला असं वाटेल, पण बंद पडलेल्या सर्व्हरचा ॲक्सेस कितीही सेफ असला तरी काय करायचाय. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं, श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती, दुसऱ्या वर्षी मे महिन्यात तौक्तेने सिंधुदुर्ग-रत्नागिरीला झोडपलं. आणि वादळ सोडा, साध्या जूनमधल्या वाऱ्यात फणसाची फांदी तारेवर पडली की संपलं.

लाइट गेली-आली की मशीन आपोआप सुरू झालं पाहिजे, त्यासाठी बायोसमध्ये पॉवर परत आल्यावर चालू व्हायचं सेटिंग असतं ते ऑन करा. लॅपटॉप असेल तर बॅटरी हाच यूपीएस, फक्त सतत चार्जिंगवर राहून ती फुगते, अधूनमधून कोणाला तरी खालून बघायला सांगा. राउटर आणि फायबरच्या डब्याला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो तो लावा. रास्पबेरी पाय असेल तर मेमरी कार्डवर सिस्टम ठेवू नका, लाइट जाता-येता कार्ड करप्ट होतं, एसएसडी लावा. आणि इन्व्हर्टरवर किती वेळ चालायचं ते ठरवून, बॅटरी उतरत आली की सर्व्हर नीट शटडाउन होईल असं होम असिस्टंटमधून करता येतं.

विजेचं बघा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण लॅनची तांब्याची केबल जर खळ्यातल्या किंवा बागेतल्या कॅमेऱ्यापर्यंत गेली असेल तर तिच्यातून झटका थेट राउटरात. तेवढा तुकडा वायफायवर करा, नाहीतर सर्ज प्रोटेक्टर लावा. जांभ्या जमिनीत अर्थिंग उन्हाळ्यात कोरडं पडतं, खड्ड्यात पाणी घालायला सांगा. डबा भिंतीला चिकटवून ठेवू नका, पावसात भिंती पाझरतात, आणि समुद्राजवळ असाल तर खाऱ्या हवेने पोर्टांना गंज येतो, न वापरलेल्या यूएसबी आणि लॅन पोर्टना रबरी टोपणं मिळतात ती लावा.

बॅकअप म्हणजे तीन कॉप्या, दोन प्रकारच्या ठिकाणी, एक घराबाहेर. घराबाहेरची आमची ठाण्याला भावाकडे एका हार्ड डिस्कवर जाते, रेस्टिक ह्या बॅकअप टूलने, एन्क्रिप्ट होऊन, ह्याच टेलस्केलमधून रात्री. रेस्टिकचा पासवर्ड व्हॉल्टवॉर्डनमध्येच ठेवू नका, सर्व्हर गेला तर तो पण गेला. कागदावर लिहून आईच्या कपाटात.

पायरी १०: बाहेरून स्वतःच्या घरावर धाड टाका

फोनचं वायफाय बंद, टेलस्केल बंद, फक्त मोबाइल डेटा. आता सगळी नावं उघडून बघा, एकही उघडता कामा नये. मग मित्राच्या घरून किंवा व्हीपीएसवरून एनमॅप ह्या पोर्ट तपासायच्या टूलने घरच्या पब्लिक आयपीचं स्कॅन करा. सीजीनॅट असेल तर तो आयपी तुमचा एकट्याचा नाही, दुसऱ्यांचं काहीतरी दिसेल, ते स्कॅन करू नका. सर्व्हरचा आयपीव्ही सिक्स पत्ता मात्र नक्की स्कॅन करा, लोक फोरचं तपासतात आणि सिक्स राहतो, आणि डॉकर दोन्हीकडे ऐकत बसलेला असतो. घरातल्या गेस्ट वायफायवरून पण एकदा सर्व्हर दिसतो का बघा, दिसला तर राउटरचं आयसोलेशन नावालाच आहे.

चुलतभावाच्या फोनवरून एसएसएच लावून बघा, नाही लागलं पाहिजे. बॅकअपमधून एक फोल्डर दुसऱ्या मशीनवर परत काढून बघा, फोटो उघडतात का. आणि टेलस्केलच्या ॲडमिन पानावर महिन्यातून एकदा नजर टाका, कधीचे जुने फोन यादीत पडून असतात. ओळख पटत नसलेलं एखादं डिव्हाइस दिसलं तर आधी काढून टाका, कोणाचं होतं ते ज्याचं असेल तो फोन करून सांगेलच.